न्युमिस्टा साइट आणि साडेपाचशे रुपयांचा वजनकाटा: आजोबांच्या डब्यातली परदेशी नाणी, नोटा आणि पदकं ओळखताना आलेला अनुभव

रिव्ह्यू थोडा लांबणार आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात नाहीतर आजीच्या बटव्यात परदेशी नाणी पडून आहेत आणि "ह्याचं काय येईल रे?" हा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच आहे, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. आधी इरिट्रियात केरेनची लढाई, मार्च १९४१ ची, मग इजिप्तकडचं वाळवंट, मग १९४४ मध्ये इटली. माणगावजवळच्या पळसगावच्या नाईक यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती हीच बटालियन. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. जुनं घर रिकामं करताना आत्याने एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा माझ्या हातात दिला, आत साठएक नाणी, चार नोटा, रुमालात गुंडाळलेली चार पदकं आणि तळाला चिकटलेली हळद की गंज कळेना अशी पिवळी पूड.

तेव्हा मला यातलं काहीही कळत नव्हतं, त्यामुळे सगळे करतात तेच केलं. आधी फोटो काढून ओळखणारं एक ॲप टाकलं. त्याला डब्यातलं सगळ्यात मोठं नाणं दाखवलं, एका जाड्या बाईचा चेहरा, मागे दोन डोक्यांचा गरुड आणि साल १७८०. ॲप म्हणालं अतिदुर्मिळ, आणि पाच आकडी डॉलर. त्या रात्री घरात कोणाला झोप नाही. दुसऱ्या दिवशी एका नाण्यांच्या दुकानात गेलो, त्यांनी डबा टेबलावर उलटा केला, बोटाने दोनदा ढवळला आणि अख्ख्या डब्याचे दीड हजार सांगितले, पदकांसकट. पाच आकडी डॉलर आणि दीड हजार रुपये, दोन्ही आकडे एका दिवसाच्या अंतराने ऐकले आणि दोन्ही चूक होते. खरं काय ते मला न्युमिस्टामुळे आणि एका छोट्या काट्यामुळे कळलं, म्हणून हा रिव्ह्यू.

न्युमिस्टा म्हणजे जगभरच्या नाण्यांचा, नोटांचा आणि टोकन-मेडलांचा कॅटलॉग, संग्राहकांनीच मिळून भरलेला. फुकट आहे, अकाउंट काढलं की आपला संग्रहही त्यात नोंदवता येतो. प्रत्येक प्रकाराला त्यांचा स्वतःचा नंबर असतो, आणि सोबत जुन्या छापील कॅटलॉगचे नंबरही दिलेले असतात, म्हणजे नाण्यांसाठी केएम नंबर (क्राउझ आणि मिश्लर या दोघांच्या नावावरून) आणि नोटांसाठी पिक नंबर. लिलावाच्या यादीत, डीलरच्या पाकिटावर हेच नंबर लिहिलेले असतात. हे समजलं की अर्धी भीती जाते, कारण समोरचा नुसता एक आकडा बोलतो आणि आपण मान डोलवत बसतो ते थांबतं.

आता वापरायचं कसं. बहुतेकांची चूक इथे होते की देश माहीत नाही म्हणून सोडून देतात. साइटच्या ॲडव्हान्स सर्चमध्ये देश न टाकताही वजन, व्यास, धातू, आकार एवढ्यावर शोधता येतं. म्हणून काटा लागतो. सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, मी ऑनलाइन साडेपाचशेला घेतला, शिवाय व्यास मोजायला एक प्लास्टिकचा व्हर्नियर कॅलिपर आणि दहा पटीचं भिंग. काटा बरोबर दाखवतोय का ते बघायला वेगळं वजन विकत घ्यायची गरज नाही, २०११ नंतरचं नवं कोरं पाच रुपयांचं नाणं ठेवा, ६.०० ग्रॅम यायला पाहिजे, दहाचं ७.७१. माझ्या काट्याने ५.९९ आणि ७.७२ दाखवलं, या किमतीत अजून काय पाहिजे. एकच काळजी घ्या, पंखा बंद करून वजन करा, शेवटचा आकडा वाऱ्याने नाचतो.

तर ती जाडी बाई. वजन २८.०५ ग्रॅम, व्यास ४० मिलिमीटरच्या आसपास. साइटवर टाकलं आणि पहिल्याच पानावर ती समोर, मारिया थेरेसा थालर. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी, वारली १७८० मध्ये, आणि तिच्या मरणानंतरही हे नाणं त्याच सालाचं पाडत राहिले, एक-दोन वर्षं नाही, अगदी विसाव्या शतकापर्यंत. का? कारण इथिओपिया, येमेन, तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवरचे व्यापारी दुसरं नाणं घ्यायलाच तयार नव्हते. चेहरा ओळखीचा, चांदी ठरलेली (हजारात ८३३ भाग, म्हणजे २८.०७ ग्रॅमच्या नाण्यात सुमारे २३.४ ग्रॅम शुद्ध चांदी), बस्स. त्यामुळे साल १७८० दिसलं म्हणून नाणं अडीचशे वर्षं जुनं होत नाही, आणि फोटो बघून सांगणारं ॲप नेमकं इथेच फसलं, त्याने साल वाचलं आणि किंमत लावली.

आणि आता जे मला वाचताना अंगावर काटा आला ते सांगतो. १९३५ मध्ये मुसोलिनीला इथिओपियावर स्वारी करायची होती म्हणून त्याने ऑस्ट्रियाकडून हे नाणं पाडायचा हक्क मिळवला आणि रोममध्ये थालर पडायला लागले. मग ब्रिटिशांनीही स्वतःचे ठसे करून लंडनला सुरू केलं, आणि युद्ध लागल्यावर पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेसाठी हेच थालर पाडले आपल्या मुंबईच्या टांकसाळीने! फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर जी टांकसाळ आहे तीच. १९४०-४१ मध्ये तिथे जवळपास १ कोटी ८९ लाख थालर पडले. म्हणजे साताऱ्याचा एक पोरगा बोटीत बसून इरिट्रियाला लढायला गेला तेव्हा त्याच मोहिमेचा पैसा त्याच मुंबईत तयार होत होता. मी इतकी वर्षं त्या टांकसाळीसमोरून बसने गेलोय, कधी मान वळवून बघितलं नव्हतं.

माझं नाणं मुंबईचंच आहे असं मी छातीठोकपणे लिहून ठेवलेलं नाही. व्हिएन्ना, रोम, लंडन, मुंबई यांच्या थालरमध्ये फरक फार बारीक असतात, बाईच्या खांद्यावरच्या ब्रोचमधले मोती मोजायचे, गरुडाच्या शेपटीची पिसं बघायची, कडेवरची लॅटिन अक्षरं आणि त्यामधली नक्षी बघायची. माझ्या नाण्यात ब्रोचचाच भाग घासला गेलाय, कारण (आत्याच्या पुढ्यात हे बोलायचं धाडस नाही) डबा द्यायच्या आदल्या दिवशी तिने सगळी नाणी चिंचेने आणि भांड्याच्या पावडरीने घासून लख्ख केली होती. "चकचकीत करून दिल्यात बघ," म्हणाली, इतक्या प्रेमाने की काय बोलणार. पण तुम्ही हे करू नका, कोणालाही करू देऊ नका. चिंचेच्या आंबटपणाने चांदीवरचा जुना काळसर थर जातो, पावडरीने बारीक ओरखडे पडतात, भिंगाखाली ते सगळे एका दिशेने केस विंचरल्यासारखे दिसतात आणि जाणकार माणूस ते दोन सेकंदात ओळखतो. घासलेल्या नाण्याला संग्राहक कॅटलॉगची किंमत देत नाही, मग फक्त चांदीचा भाव उरतो. माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, मऊ कापडावर ठेवून टिपा, पुसू नका. बास.

खरं-खोटं कसं बघितलं ते पण सांगतो, कारण या थालरच्या नकला खूप येतात. पाण्याचा प्रयोग. काट्यावर पाण्याचा हलका प्लास्टिकचा कप ठेवा (काटा २०० ग्रॅमचा असेल तर काचेचा पेला जड होतो), बटण दाबून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असं लोंबकळत धरा. काटा जो आकडा दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. माझ्याकडे २.७६ आलं. २८.०५ भागिले २.७६ म्हणजे १०.१६. ८३३ ची चांदी साधारण १०.२ यायला हवी, म्हणजे बरोबर. हेच नाणं तांबं-निकेलचं असतं तर भागाकार ८.९ च्या आसपास आला असता, काट्यावर ३.१५ दिसलं असतं. दोरा भिजून थोडा फरक पडतो तो धरायचा. हे करताना माझी आठवीतली मुलगी शेजारी उभी होती, आर्किमिडीज पुस्तकातून उठून कपात आला असं झालं तिला, त्यानंतर डब्यातलं एकेक नाणं तिनेच बुडवलं.

डब्यातलं माझं आवडतं नाणं मात्र थालर नाही. सिंह आणि मागे डोंगर असलेला ईस्ट आफ्रिकेचा एक शिलिंग, साल १९४२. चांदी फक्त २५ टक्के, दिसायला फिका, कोणी उचलून बघणार नाही. न्युमिस्टावर वर्षांचा जो तक्ता असतो ना, त्यात प्रत्येक सालापुढे टांकसाळीचं चिन्ह वेगळं दिलेलं असतं, तिथे बघितलं की १९४२ मध्ये दोन चिन्हं आहेत, एच आणि आय. भिंग लावलं. बारीकसा आय. आय म्हणजे मुंबई! इथे अंदाज नाही, मोती मोजायचे नाहीत, अक्षरच कोरलंय. मुंबईत पडलेलं नाणं आफ्रिकेत गेलं आणि सातारा जिल्ह्यातल्या एका डब्यात परत आलं. ऑस्ट्रेलियाच्या १९४२ आणि १९४३ च्या पेनीवरही हाच आय सापडतो, त्या पण मुंबईच्या. कुणाकडे ऑस्ट्रेलियन नातेवाइकांनी दिलेली जुनी पेनी असेल तर आजच भिंग लावा.

याच शिलिंगने घरातली एक गोष्टही दुरुस्त केली. आत्या म्हणायची सगळी आफ्रिकेची नाणी आबांनी, म्हणजे आजोबांनी, केरेनहून आणली. पण आबांची बटालियन १९४२ उजाडायच्या आधीच इरिट्रियातून हलली होती, १९४२ चा शिलिंग तिथून आणणार कसा? म्हणजे पुढे कुठेतरी, इजिप्तच्या छावणीत किंवा बोटीवर, कोणाकडून तरी हातात आलेला असणार. पत्त्यात जिंकला असेल, आत्या म्हणाली, आबा पत्ते चांगले खेळायचे. ही माहिती तिने पन्नास वर्षांत पहिल्यांदा दिली, एका अक्षरामुळे.

इजिप्तची दोन चांदीची नाणी होती, फारूख राजाची, दहा पियास्तरची. यावर सगळं अरबीत. आपल्याला वाटतं अरबी येत नाही म्हणजे संपलं, पण आकडे दहा मिनिटांत शिकता येतात. पाच आपल्या शून्यासारखा गोल, शून्य म्हणजे नुसता ठिपका, सहा हा इंग्रजी सातासारखा, सात म्हणजे इंग्रजी व्ही आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. आणि अक्षरं उजवीकडून वाचायची पण आकडे डावीकडूनच. फारूखच्या नाण्यावर हिजरी आणि इसवी दोन्ही सालं असतात, १३५६ आणि १९३७ शेजारी-शेजारी, म्हणजे किल्ली नाण्यावरच दिलीय. जिथे फक्त हिजरी साल असतं तिथे ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे, एखाद्या वर्षाच्या फरकाने इसवी साल मिळतं. थायलंडच्या सालातून ५४३ वजा, जपानच्या शोवा सालात (तिथल्या सम्राटाच्या राजवटीची वर्षं) १९२५ मिळवायचे. नेपाळचं नाणं तर आपल्याला वाचता येतंच, देवनागरी आकडे, पण २०४० बघून गोंधळू नका, विक्रम संवत आहे, ५७ वजा करा. हे मी इथे पटापटा सांगतोय पण ही सगळी गणितं एकदा हाताने वहीत केली की डोक्यात बसतात.

त्या दहा पियास्तरची गंमत म्हणजे १४ ग्रॅमचं नाणं, ८३३ चांदी, म्हणजे शुद्ध चांदी ११.६६ ग्रॅम. बरोब्बर एक तोळा! आता हिशोब करा. थालरचे दोन तोळे आणि या दोघांचा एकेक, चार तोळे शुद्ध चांदी, आणि त्या दिवशीच्या सराफ बाजाराच्या भावाने नुसत्या या तीन नाण्यांची चांदीच दुकानात सांगितलेल्या दीड हजाराच्या वर जात होती. बाकी पन्नास-पंचावन्न नाणी, नोटा आणि पदकं फुकट मागितली होती म्हणायची. हा हिशोब करायला कोणी तज्ज्ञ लागत नाही, काटा लागतो आणि साइटवरची शुद्धतेची ओळ. चांदी-सोन्याच्या नाण्याच्या पानावर धातूची आजची किंमत पण साइट दाखवते, ती सगळ्यात आधी बघत जा, कारण त्याखाली कोणी मागत असेल तर तिथून उठायचं.

इटालियन नाण्यांना लोहचुंबक लावा, हा मला कॅटलॉगमुळे लागलेला छंद. १९३९-४० ची इटलीची बरीच नाणी स्टीलची आहेत, व्हिक्टर इमॅन्युएल राजा एका बाजूला, आणि सालाशेजारी रोमन आकडा, माझ्या २० चेंतेसिमीच्या नाण्यावर अठरा, म्हणजे फॅसिस्ट राजवटीचं अठरावं वर्ष. एकाच साली एकाच छापाचं नाणं चुंबकाला चिकटणारं पण आहे आणि न चिकटणारं पण, आणि त्यांच्या नोंदी वेगळ्या. माझ्याकडे तीन होती, दोन टपकन चिकटली, एक ढिम्म हललं नाही. फ्रिजवरचं चुंबक पुरतं.

नोटा. चारही एकाच जातीच्या निघाल्या, दोस्त सैन्याने इटलीत चालवलेल्या लष्करी नोटा, १९४३ च्या, अमेरिकेत छापलेल्या. छोट्या रकमेच्या नोटा जवळपास चौरस, हातात घेतलं तर नोट वाटतच नाही, लॉटरीचं तिकीट वाटतं, म्हणूनच आजपर्यंत कोणी बघितल्या नसणार. मागच्या बाजूला इंग्रजीत चार स्वातंत्र्यं छापलीत, बोलण्याचं, धर्माचं, अभावापासून आणि भीतीपासून. हिंदुस्थानातून गेलेला जवान, ज्याचा स्वतःचा देश तेव्हा पारतंत्र्यात, त्याच्या खिशात ही नोट. मी बराच वेळ ती हातात धरून बसलो होतो.

या नोटा भरमसाट छापल्या, त्यामुळे छोट्या रकमेच्या घडी पडलेल्या नोटांना फार भाव नाही, हे स्वीकारायचं. तरी भिंगाने बघण्यासारखं आहे, कारण बॉस्टनच्या फोर्ब्स छापखान्यात छापलेल्या नोटांच्या वेलबुट्टीत बारीकसा एफ दडवलेला असतो आणि अमेरिकन सरकारी छापखान्याच्या नोटांत नसतो, आणि कॅटलॉगात दोन्ही वेगळ्या धरतात. माझ्या चारपैकी तीनमध्ये सापडला. नोटेबाबत एकच सांगणं, इस्त्री करू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच नको. घडी दिसते म्हणून लाज वाटायची गरज नाही, इस्त्री केलेली नोट जास्त वाईट दिसते, कागदाचा कुरकुरीतपणा मेलेला असतो.

पदकांसाठी मात्र साइटपेक्षा भिंगच जास्त कामाला आलं. १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार आणि वॉर मेडल. स्टार पिवळ्या धातूचे, तांबं-जस्ताचे, वॉर मेडल तांबं-निकेलचं, सोनं-चांदी कशातच नाही, म्हणून सराफाकडे नेऊ नका, तो वजन करून बाजूला सारेल. पण हे वाचा. ब्रिटिश सैनिकांना ही युद्धाची पदकं नाव न घालता कोरी दिली होती, हिंदुस्थानी सैन्याला दिली ती नाव घालून. स्टारच्या मागे आणि मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. रुमाल सोडला, स्टार उलटा केला, काही दिसेना, मग टॉर्च आडवा धरला तर एकेक अक्षर वर आलं. आधी नंबर, मग शिपायाचा हुद्दा, मग आबांचं नाव, इंग्रजी स्पेलिंग भलतंच, कारण कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं, आणि शेवटी मराठा, तेही जुन्या पद्धतीने, मध्ये जादा एच घालून. मुलगी मोठ्याने वाचत होती आणि आत्या पदराने डोळे पुसत होती.

म्हणून पदकांचा गट कधी फोडू नका. चारही एकाच माणसाच्या नावाची असतील तर त्यांची किंमत त्या एकत्र असण्यात आहे, एकेक सुटं विकलं की तो माणूस पुसला जातो. जुन्या बाजारात मी नाव असलेले सुटे स्टार बघितलेत, किलोच्या भावात विकत घेतल्यासारखे ढिगात पडलेले. बघवत नाही. आणि कड घासून नाव घालवलेलं पदक असेल तर संग्राहक त्याला हात लावत नाही, तेव्हा पॉलिश नकोच.

आता किमतीबद्दल साइट काय देते ते नीट समजून घ्या, नाहीतर नंतर म्हणाल फसवलं. पानावर दर्जाप्रमाणे अंदाजे किमती असतात, एफ, व्हीएफ, एक्सएफ, यूएनसी (झिजलेल्यापासून न वापरलेल्या कोऱ्यापर्यंत) असे रकाने, आणि सेटिंगमध्ये रुपये निवडता येतात. पण हा अंदाज आहे, तोही सदस्यांनी लावलेल्या किमती आणि इंटरनेटवर झालेल्या विक्रींवरून काढलेला. डीलर त्याहून कमीच देणार, त्याला दुकानभाडं आहे, माल पडून राहतो, हे गैर नाही. माझा अनुभव असा की आपण आपल्या नाण्याला एक-दोन पायऱ्या वरचा दर्जा देतो, माया असते ना. सिंहाची आयाळ केसाकेसाने दिसतेय का, फारूखच्या कानाची कड शाबूत आहे का, राजाच्या भुवया सपाट झाल्यात का, हे वर आलेले भाग आधी झिजतात, तिथे बघून दर्जा ठरवा. आणि मग एक पायरी खाली उतरा. किमतीच्या आकड्यापेक्षा मी दोन गोष्टी जास्त बघतो, एक म्हणजे तो प्रकार ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापैकी किती टक्के सदस्यांकडे नेमकं ते साल आहे आणि दुसरा दुर्मिळतेचा शंभरपैकी आकडा. सगळ्यांकडेच असलेलं नाणं मी कितीही जपलं तरी त्याचे लाख होणार नाहीत. पक्की किंमत बघायची तर लिलावात प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघा, "विकायला लावलंय" तो आकडा नव्हे, तो कोणीही काहीही लावतो.

आणि ते व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड, जुन्या नाण्याला दहा लाख, ट्रॅक्टरची नोट द्या आणि लखपती व्हा. माझ्या चुलतभावाला फोन आला होता, नाण्याचे तीन लाख देतो, आधी फाइल चार्ज भरा. भरणार होता तो! रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः सांगितलंय की त्यांच्या नावाने आणि लोगोने असे चार्ज, कमिशन, टॅक्स मागणारे फिरतायत, बँकेचा यात काही संबंध नाही. विकत घेणारा आपल्याला पैसे देतो, आपण त्याला नाही. तसंच राम दरबार, हनुमान असलेली ईस्ट इंडिया कंपनीची १८१८ ची "नाणी", ती कंपनीने कधीच पाडलेली नाहीत, ती हौशी टोकनं आहेत. देव्हाऱ्यात ठेवा, श्रद्धेने पूजा करा, पण त्यासाठी कोणाला हजारो रुपये मोजू नका. आमच्या शेजारच्या काकांनी मोजले आहेत.

साइटवर सदस्य एकमेकांशी अदलाबदलही करतात, माझ्याकडे डबल असलेलं मी देणार, तुमचं मी घेणार. चांगली सोय आहे, मी सध्या भारतातल्या भारतातच करतो. परदेशी पाठवायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, शंभर वर्षांहून जुनं नाणं आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि असं देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ते तांब्याचं पाव आण्याचं का असेना.

ज्यांना हे सगळं इंग्रजीत जड जाईल त्यांच्यासाठी, साइट मराठीत नाही, पण शब्द तेच तेच येतात, आठवड्यात सवय होते. आत्या इंग्रजी वाचत नाही तरी फोटो बघून ती मला "हे नाही, ह्याची मान लांब आहे" असं सांगते आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं. स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची इच्छा असलेल्यांनी नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे तिथलं संग्रहालय बघून यावं, १९८० पासूनची संस्था, नाण्याकडे कसं बघायचं ते तिथल्या कपाटांसमोर उभं राहून जास्त कळतं.

मार्क द्यायचे तर न्युमिस्टाला पाचपैकी साडेचार, काट्याला पाचपैकी पाच, भिंगाला पण पाच. एक खर्च अजून करा, नाणी ठेवायला मऊ वास येणाऱ्या प्लास्टिकचे अल्बम घेऊ नका, पीव्हीसी असतं, काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. स्टेपल करायचे पुठ्ठ्याचे होल्डर मिळतात, मधे पारदर्शक खिडकी असलेले, शंभरचं पाकीट घेतलं तर परवडतं.

आमचा डबा आता असा आहे: प्रत्येक नाणं होल्डरमध्ये, पुठ्ठ्यावर पेन्सिलने साइटचा नंबर, वजन, आणि आत्याला जे आठवलं ते. थालरवर लिहिलंय, "छापील साल १७८०, प्रत्यक्षात नंतरचं, केरेन?" शिलिंगवर, "मुंबई टांकसाळ, १९४२, पत्त्यात जिंकला असावा." अजून अकरा नाणी ओळखायची राहिलीत, त्यातल्या एका भोकवाल्या नाण्यावर मुलगी गेला रविवारभर बसली होती, १.९८ ग्रॅम, चुंबकाला चिकटत नाही.